गोदाक्का कोणत्या पानावर आहे?

प्रश्न पहिला. कोण कोणास म्हणाले?

"संघर्ष म्हणजे काय, सांग बघू."

असं हिरेमठ बाई मला म्हणाल्या.

"भांडण, बाई," असं मी बाईंना म्हणाले.

"कोणाचं?"

"आमच्या गल्लीत नळावर होतं ते."

वर्ग खिदळला. बाई हसल्या, पण मला खाली बसवलं नाही. "बरोबर आहे की. पाणी कमी, घागरी जास्त. एकीला जे हवं त्याच्या आड दुसरी येते. गोष्टीतही असंच काहीतरी कोणाच्या तरी आड येत असतं. आता सांग, रेवतीच्या आड काय येतंय?"

रेवती आमच्या वर्गातली नव्हती. 'फक्कीची रेघ' नावाच्या किशोर कादंबरीतली ती मुलगी. डोंगरातल्या गावातून शहरातल्या क्रीडा वसतिगृहात आलेली, चौदा वर्षांची. शर्यतीत पळायचं एवढंच तिला येत होतं. तीच आपली गोष्ट सांगत होती. पहिली दोन प्रकरणं बाईंनी आम्हांला वाचून दाखवली होती.

आम्ही तासगावातल्या मुलींच्या शाळेत नववीत होतो. मार्च महिना, सकाळची शाळा, वार्षिक परीक्षेची उजळणी चाललेली. उजळणी म्हणजे धड्याखालचे प्रश्न पुन्हा लिहिणं, असं आम्ही समजत होतो. बाई त्याच वर्षी नव्याने आल्या होत्या आणि त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "त्या धड्यांची उत्तरं तुम्हांला झोपेतही येतात. न वाचलेलं वाचून कळतं का, ते बघू." म्हणून शनिवारच्या शेवटच्या तासाला त्या पिशवीतून कादंबरी काढायच्या. फळ्यावर लिहायच्या : निवेदक, पात्र, संघर्ष, उत्कर्षबिंदू. आणि प्रत्येक शब्द रेवतीला चिकटवून दाखवायला सांगायच्या. त्या तासाला वही काढायची नसे. आठवड्यातल्या तेवढ्या एकाच तासाला आम्हांला घंटा नकोशी वाटायची.

"हे पुस्तक अभ्यासक्रमात आहे?"

हे दारातून. मुख्याध्यापक तोडकर सर हिरेमठ बाईंना म्हणाले.

"नाही, सर."

"मग हे काय चाललंय?"

"उजळणी."

"कशाची?"

"वाचण्याची."

तोडकर सर गणिताचे. कोणतंही उत्तर मिळालं की ते मनात ताळा करून बघत. त्यांनी ताळा केला. तो जमला नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसलं.

"बाई, निम्म्या वर्गाला बीजगणित येत नाही. हा तास मी गणिताला देणार आहे."

बाई म्हणाल्या, "एक संधी द्या, सर. पुढच्या शनिवारी तुम्ही स्वतः तोंडी परीक्षा घ्या. मुलींना गोष्ट कळलेली नसली, तर तास तुमचा."

सरांनी आमच्याकडे नजर फिरवली. "ठीक. शुक्रवारी पुस्तक ऑफिसात आणून द्या. मी वाचून येणार."

प्रश्न दुसरा. गाळलेली जागा भरा.

शाळा सुटल्यावर मार्चमध्ये तासगावच्या मुली ________ जातात.

उत्तर : बेदाण्याच्या शेडवर.

सोमवारपासून बाई सांगलीला प्रशिक्षणाला जाणार होत्या. जाताना पुस्तक त्यांनी यास्मिन मुलाणीच्या हातात दिलं. "एकेक करून सगळ्यांनी वाचा," म्हणाल्या. एक पुस्तक, भरलेला वर्ग आणि शुक्रवारपर्यंतची मुदत. त्यातून दुपारभर आम्ही आयांबरोबर शेडवर. वाचणार कधी?

"मी शेडवर मोठ्यानं वाचते," यास्मिन म्हणाली. तिचा आवाज असा होता, की ती प्रार्थनेनंतर बातम्या वाचायची तेव्हा रस्त्यावरचे सायकलवाले थांबायचे.

वाळलेला बेदाणा शेडमध्ये जमिनीवर ओतलेला असायचा. त्याच्याभोवती बायका आणि मुली गोल करून बसायच्या. काड्या वेगळ्या, काळपट मणी वेगळे, हिरवे-पिवळे वेगळे. शेवंतामावशी मुकादम होती. तिची नजर मण्यांवर कमी आणि आमच्या तोंडांवर जास्त.

"वैजे, गाल का फुगलाय? निवडाय बसलीस का जेवाय?"

आमच्या वर्गातली वैजू घाईनं गिळायची.

सोमवारी यास्मिननं पुस्तक बाहेर काढलं, तशी मावशी ओरडली, "काय अभ्यास करायचाय तो घरी!"

"अभ्यास न्हाई मावशी. गोष्ट हाय. पळणाऱ्या पोरीची."

"कुणासंगट पळाली?"

"शर्यतीत पळते, मावशी."

"हां, मग वाच."

चिकट हात पुस्तकाला लागू नयेत म्हणून यास्मिनला काम माफ झालं. तिच्या वाटणीचं निवडणं आम्ही सगळ्यांनी थोडं थोडं उचललं. ती पोत्याला टेकून बसली आणि वाचू लागली. रेवती वसतिगृहात पोचते. पलंग कोपऱ्यातला मिळतो. बूट कोणाचे तरी जुने मिळतात. पहाटे मैदानावर चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेघेवर उभी राहते. प्रशिक्षक घड्याळ बघतात आणि म्हणतात, "पुन्हा."

"जेवली का ती?" मावशीनं विचारलं.

यास्मिन थांबली. "तसं काय लिहिलेलं न्हाई."

"न्हाई कसं? दिवसभर एष्टीत बसून आली, सकाळी पळाली. जेवायची येळ झाली आसंल की."

"पुढं असेल, मावशी."

पुढं शहरातली मुलं रेवतीच्या बोलण्याला हसली. पुढं तिचा पाय मुरगळला. पुढं आईचं पत्र आलं नाही. माझी आईसुद्धा आता हात थांबवून ऐकत होती.

"आगं पण जेवली का?" मावशी म्हणाली. "तेवढं बघ. बाकीचं उद्या वाच."

यास्मिननं पानं उलटली. मागे गेली, पुढे गेली. म्हणाली, "उद्या सांगते."

प्रश्न तिसरा. कारणे द्या.

मंगळवारी बेदाणा लवकर निवडून झाला. कारण मंगळवारी गोदाक्का आली.

"रात्री मी पलंगावर पडले होते," यास्मिन वाचत होती. "पोटात कावळे ओरडत होते. इतक्यात मागच्या दारानं वसतिगृहाची स्वयंपाकीण आली. तिला सगळे गोदाक्का म्हणत. हातात झाकलेलं ताट. ती म्हणाली, जेवलीस का गं, बाळे? मी मान हलवली. तिनं ताट पुढं केलं. भाकरी, वरण, आणि वाटीत लसणाची चटणी."

बायकांच्या गोलातून असा सुस्कारा निघाला, की जणू ताट त्यांच्याच पुढ्यात आलं होतं.

"आत्ता कसं!" शेवंतामावशी म्हणाली. "लिवणाराला अक्कल हाय म्हणायची."

"चटणी वाटलेली का कुटलेली?" माझ्या आईनं विचारलं.

यास्मिननं पुस्तकात बघितलं. "कुटलेली, काकू."

त्यानंतर गोदाक्का प्रत्येक प्रकरणात येऊ लागली. मुरगळलेल्या पायाला तिनं हळद लावली. बोलण्याला हसणाऱ्या मुलांना उलथनं दाखवलं. बुधवारी तिचा आणि प्रशिक्षकांचा खटका उडाला, तेव्हा शेडमधल्या सगळ्या बायका गोदाक्काच्या बाजूनं एकदम बोलल्या आणि मावशीला त्यांना गप्प करावं लागलं. गुरुवारी शेवटची मोठी शर्यत. रेवती मध्येच अडखळून पडली. गोदाक्का तारेच्या कुंपणाबाहेर ताट घेऊन उभी होती. तिनं ताट टाकलं, नेसणं वर खोचलं आणि कुंपणाच्या कडेनं पळत सुटली. "ऊठ गं! ऊठ!" यास्मिन इतक्या जोरात वाचत होती, की शेजारच्या शेडमधली माणसं बघायला आली. रेवती उठली. वैजू रडत होती आणि तोंडात बेदाणे कोंबत होती. मावशीनं बघितलं आणि काही म्हणाली नाही.

शुक्रवारी पुस्तक ऑफिसात पोचलं.

तोंडी परीक्षा

शनिवारी सर आणि बाई एकदमच वर्गात आले. बाई सांगलीहून सकाळच्या गाडीनं थेट शाळेत आल्या होत्या. खांद्यावर प्रवासाची पिशवी तशीच. सरांच्या हातात पुस्तक, आणि पुस्तकात खुणेच्या कागदाच्या पट्ट्या. बाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या. आम्ही इतक्या खुशीत होतो, की बाईंना खुणेनं कळवत होतो : काळजी करू नका.

"निवेदक कोण?" सरांनी विचारलं.

"रेवती!" सगळा वर्ग.

"मुख्य पात्र?"

"रेवती!"

सरांनी बाईंकडे बघितलं. बाईंचा चेहरा खुलला.

"सहायक पात्र? लोखंडे, तू सांग."

वैजू उठली. "गोदाक्का, सर."

सरांनी पुस्तकावरून डोळे वर केले. "कोण?"

"गोदाक्का. स्वयंपाकीण."

सरांनी पुस्तक चाळलं. बाई खिडकीपासून एक पाऊल पुढं आल्या.

"बघतेस काय? बस. पाटील, तू सांग. गोष्टीतला संघर्ष कोणता?"

"प्रशिक्षकांना ती वेळेत पळायला हवी आणि गोदाक्काला ती जेवून पळायला हवी."

"सूर्यवंशी." ती मी. "उत्कर्षबिंदू?"

मी ताठ उभी राहिले. हा प्रश्न मला यावा, म्हणून मी घरून निघताना देवाला हात जोडले होते. "रेवती शर्यतीत पडते तेव्हा गोदाक्का ताट टाकून कुंपणाच्या कडेनं पळते, तो, सर."

"हे तू वाचलंस?"

"ऐकलं, सर. रडले पण."

"आणखी कोण कोण रडलं?"

जवळजवळ सगळे हात वर गेले.

सरांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि त्यावर तळहात ठेवला. "काल मी हे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. गोदाक्का कोणत्या पानावर आहे?"

बाईंकडे बघवत नव्हतं. त्यांनी पिशवी खांद्यावरून उतरवून हळूच खाली ठेवली.

"सर," वैजू बसल्या जागेवरून म्हणाली, "पानं चिकटली असतील. बेदाण्यानं."

आणि तोडकर सरांनी खरोखर पुस्तक उचललं, उजेडात धरलं आणि नखानं दोन पानं सुटी करून बघितली. मग आपण काय करतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"वाचून कोणी दाखवलं?"

यास्मिन उठली.

"इकडे ये. दाखव गोदाक्का."

ती टेबलापाशी गेली. पुस्तक उघडलं. बातम्या वाचताना कधी न अडखळणारी यास्मिन इतक्या हळू बोलली, की आम्हांला माना पुढं काढून ऐकावं लागलं.

"पुस्तकात नाही, सर."

"नाही कशी?" मी मागून ओरडले. "परवा तर पळाली!"

"उज्ज्वला, खाली बस," बाई म्हणाल्या.

एका वाक्यात उत्तर लिहा. (यास्मिननं पुष्कळ वाक्यांत लिहिलं.)

"शेवंतामावशी सारखी विचारायची, सर. पोरगी जेवली का. मी सगळं पुस्तक शोधलं. ती पळते, पडते, रडते, झोपते. जेवते असं कुठंच नाही. मग बायका म्हणाल्या असत्या, आम्हांला नको असली गोष्ट. वाचणं बंद झालं असतं. मग परीक्षा कशी दिली असती?"

"म्हणून तू पात्र घातलंस."

"एक ताट घालणार होते, सर. पण ताट आपलं आपण कसं येईल?"

कोणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. ते फळ्याकडे गेले. आता ते 'शनिवार, शेवटचा तास, गणित' असं लिहिणार, हे आम्हांला दिसतच होतं. त्यांनी खडू उचलला आणि तो हातातच फिरवत राहिले.

"समीकरणातलं एक पद काढून टाकलं, तर काय बघायचं असतं?"

"दोन्ही बाजू जुळतात का," कोणीतरी मरगळून म्हणालं.

"मग बघा. गोदाक्का काढली. गोष्टीचं काय होतं?"

"काहीच होत नाही, सर," वैजू म्हणाली. "पळायचं रेवतीलाच आहे. गोदाक्कानं पळून तिचा नंबर थोडाच येणार!"

"वा गं!" मी म्हणाले. "मग पडल्यावर ती उठते कोणासाठी?"

"स्वतःसाठी!"

"उपाशीपोटी?"

"माझा भाऊ उपाशीच पळतो भरतीला!"

"तो घरी येऊन चार भाकरी खातो, मी बघितलंय!"

"एकेक बोला," सर म्हणाले, पण कोणी ऐकलं नाही. पाटील म्हणाली, की गोदाक्का काढली तर संघर्ष वाढतो, कारण रेवतीच्या आड येणाऱ्या गोष्टी तेवढ्याच राहतात आणि बाजूचं माणूस कमी होतं. कोणी म्हणालं, मग पुस्तकच जास्त चांगलं. कोणी म्हणालं, चांगलं कसलं, दुष्ट आहे. वैजू बाकावर हात आपटून विचारत होती, की एवढं सगळं लिहिणारा माणूस जेवण लिहायला विसरलाच कसा? बूट लिहिले, पलंग लिहिला, फक्की लिहिली!

"विसरला नसेल," यास्मिन म्हणाली.

ती अजून टेबलापाशीच उभी होती. सरांनी हात वर केला आणि या वेळी वर्ग गप्प झाला.

"म्हणजे?"

"निवेदक रेवतीच आहे ना, सर. तीच सांगतेय. तिला वसतिगृहात कोणी एकदासुद्धा विचारलं नाही, जेवलीस का म्हणून. मग ती कशाला सांगेल?"

घंटा झाली. कोणी उठलं नाही. बाहेर दुसऱ्या वर्गांच्या मुली धावत फाटकाकडे निघाल्या होत्या आणि आमच्या दारातून आत डोकावून बघत होत्या, की यांना कसली शिक्षा झालीय.

सरांनी पुस्तक पुन्हा हातात घेतलं. खुणेच्या सगळ्या पट्ट्या एकेक करून काढल्या आणि खिशात टाकल्या. बाईंना म्हणाले, "उत्तरं सगळ्यांची चूक आहेत."

"हो, सर."

"गोदाक्काला मार्क मिळणार नाहीत."

"नाही मिळणार, सर."

"तास तुमच्याकडे ठेवा." पुस्तक यास्मिनच्या हातात देऊन ते दारापर्यंत गेले, आणि वळले. "मुलाणी, यापुढे वाचायचं ते छापलंय तसं. तुझं जे असेल ते निराळ्या कागदावर. आणि शेडवरच्या बायकांना आज जाऊन खरं काय ते सांग."

वर्गात असा आरडाओरडा झाला, की वरच्या मजल्यावरची कबुतरं उडाली. बाई टेबलाला टेकून उभ्या होत्या आणि पदरानं डोळे पुसत हसत होत्या. "कुटलेली चटणी!" आम्ही शेडवरचं सगळं सांगितल्यावर पुढचा आठवडाभर त्या मध्येच थांबून एवढंच म्हणायच्या आणि पुन्हा हसायच्या.

शेवटचा प्रश्न

दुपारी यास्मिनचा पाय शेडकडे निघेना. "तूच सांग ना, उज्जे."

"मी काय म्हणून? गोदाक्का तू आणलीस."

"मावशी मारेल."

"मारणार नाही. बेदाणा निवडायला लावेल."

ती पोत्यापाशी उभी राहिली आणि एका दमात सांगून टाकलं. गोदाक्का पुस्तकात नाही. ती मी घातली. ताट नाही, हळद नाही, उलथनं नाही. रेवती एकटीच होती. एकटीच पडली आणि एकटीच उठली.

बायकांचे हात थांबले. माझी आई माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागली, की जणू मला सगळं आधीपासून माहीत होतं. शेवंतामावशीनं पुढ्यातला ढीग हातानं सारखा केला.

"आता खरं वाच," ती म्हणाली.

यास्मिननं शेवटचं प्रकरण वाचलं, छापलं होतं तसं. शर्यतीच्या आधी रेवती रेघेवर उभी राहते. मागं वळून बघते. मागं कोणी नसतं. ती पळते, पडते, उठते, पुन्हा पळते. चौथी येते. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत येऊन त्याच रेघेवर उभी राहते. तिथंच पुस्तक संपतं. पानभरसुद्धा नव्हतं ते. गुरुवारी तेच प्रकरण आम्हांला तासभर पुरलं होतं. आज मात्र वाचून झाल्यावर कोणी सुस्कारा टाकला नाही, कोणी काही विचारलं नाही. पत्र्यावर ऊन तडतडत होतं.

मग शेवंतामावशी उठली. हिरव्या बेदाण्याच्या ढिगाशी गेली. मालकासाठी बाजूला काढलेले लांबट मणी होते, त्यांतले ओंजळभर घेतले आणि रिकाम्या पिशवीत टाकले. माझ्या आईनं आपल्या पुढ्यातले टाकले. एकेक बाई टाकत गेली. वैजूनं गालातले सोडून बाकीचे टाकले. मावशीनं पिशवीला गाठ मारली आणि यास्मिनपुढं धरली.

"त्या वसतिगृहाचा पत्ता सांग."

"मावशी," यास्मिन घाबरून म्हणाली, "अहो, ती खरी नाही."

"गोदाक्का खरी न्हाई. कळलं मला. येकदा सांगितलंस की." मावशीनं पिशवी तशीच धरली होती. "म्या रेवतीचं इचारतीया."

यास्मिननं माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. आई खाली मान घालून काड्या निवडत होती.

यास्मिननं पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. तिथं खाली बारीक अक्षरांत प्रकाशकाचा पत्ता होता. तो तिनं छापला होता तसा, पिनकोडासकट, मोठ्यानं वाचून दाखवला.